लिंक टाकली, पाहून घेजा

लिंकभाऊला ओळखायचं असेल तर तोंडाकडे पाहू नका, उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहा. जेवताना, दळण आणताना, अंबादेवीच्या रांगेत, सासऱ्यांशी बोलताना तो अंगठा वर-खाली चालूच असतो. त्याचं खरं नाव आता शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि बायकोच्या उखाण्यात तेवढं उरलं आहे. गुडघा दुखला तर काय लावावं, पोराला कोणत्या शाळेत टाकावं, पासपोर्टला कागद कोणते लागतात, काहीही विचारा, त्याचं उत्तर एकच : "लिंक टाकली, पाहून घेजा." तुमचा प्रश्न अर्धा तोंडात असतानाच तुमच्या खिशातला फोन वाजतो.

अमरावतीत साईनगरपासून कठोरा नाक्यापर्यंत आणि अकोल्यात जठारपेठेपासून गोरक्षण रोडपर्यंत दर गल्लीत असा एक तरी आहे. त्यामुळे मला नावगाव लपवण्याची काळजी नाही. हे वाचून निदान पाच जणांना वाटेल की आपल्यावरच लिहिलं आहे, आणि पाचही जण ते ग्रुपवर टाकतील.

पूर्वी हा माणूस पुण्याचा होता. म्हणजे अमरावतीचाच, पण इंजिनिअर झाला, वेलकम पॉइंटवरून ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये चढला, हिंजवडीला उतरला आणि मग दिवाळीपुरताच दिसू लागला. वऱ्हाडातल्या शिकलेल्या पोट्ट्यांचा हा ठरलेला रस्ता. वावर बापाकडे, डिग्री भिंतीवर, पोरगं पुण्यात. मार्च २०२० मध्ये तो एक बॅग घेऊन घरी आला, २१ दिवसांच्या हिशेबाने. त्या २१ दिवसांचे पुढे किती झाले ते सगळ्यांना माहीत आहे. त्यातून आमच्याकडे कोरोनाने जरा जास्तच जीव लावला. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाकी राज्य बऱ्यापैकी सुरू असताना अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, अकोल्यातही निर्बंध आले, आणि पुण्याला परत निघालेल्या लिंकभाऊने भरलेली बॅग पुन्हा उपसली. दरम्यान कंपनीने भाड्याचे मजले सोडून दिले आणि एक दिवस मेल पाठवला की ज्यांना आहेत तिथूनच काम करायचं आहे त्यांनी खुशाल करावं. लिंकभाऊने तो मेल मोठ्याने वाचून दाखवला. आईने देवापुढे साखर ठेवली. वडिलांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे काढलं का तुले?"

वडिलांना समजावणं सोपं गेलं. गल्लीला समजावणं जड गेलं. दिवसाढवळ्या घरी दिसणारा तिशीतला धडधाकट पुरुष आमच्याकडे दोन प्रकारचा असतो : सुटीवर आलेला फौजी, नाही तर नगरसेवकीला उभा राहणारा. लिंकभाऊ दोन्हींत बसेना. राजकमल चौकात वडिलांना भेटलेल्या एका काकाजींनी त्यालाच विचारायचं ठरवलं आणि घरी आले.

"काय करून राहिले जी आजकाल?"

"वर्क फ्रॉम होम, काकाजी."

"थे ठीक हाय. पण काम काय?"

आईला असले प्रश्न पडले नाहीत. तिला मुलगा घरी हवा होता, तो मिळाला. आता तो घरी आहे म्हटल्यावर सिलिंडर, दळण, वीजबिल आणि मावशीला बडनेऱ्याहून आणणं ही सगळी कामं त्याच्याकडे आपोआप आली. "तू तं घरीच हायेस" या वाक्याला लिंकभाऊकडे आजवर उत्तर नाही आणि त्याची लिंकही मिळालेली नाही. सकाळी दहाला टीमची उभ्याउभ्या मीटिंग असते. एकदा ती त्याने चक्कीवरून केली, ज्वारीचा डबा पायाशी ठेवून. पुण्याच्या लोकांना वाटलं, भाऊ सर्व्हर रूममध्ये आहे. त्या तिमाहीत त्याला शाबासकी मिळाली.

वऱ्हाडातून घरबसल्या काम करण्यातली खरी अडचण नेटची नाही. नेट आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि वावरातल्या सालदारापर्यंत डेटा पोचला. त्याच वर्षी मेळघाटातलं हरिसाल देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, तेही मायक्रोसॉफ्टच्या मदतीने. अडचण आहे ती कूलरची. मे महिन्यात वरच्या खोलीत लोखंडी कूलर लावल्याशिवाय माणूस जिवंत राहत नाही आणि लावल्यावर माणसाचा आवाज जिवंत राहत नाही. लिंकभाऊ बोलायला लागला की पुण्याहून मॅनेजर मोठ्या आपुलकीने विचारतो, "तिकडे पाऊस सुरू झाला वाटतं?" बाहेर ४५ अंश तापमान असतं. कूलर बंद केला तर आवाज स्वच्छ येतो, पण पाच मिनिटांत बोलण्यासारखं काही सुचत नाही. हे पुण्याच्या माणसाला समजावून सांगता येत नाही. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हापायी जमावबंदीचा आदेश काढला होता, ही बातमी त्याने मॅनेजरला पुराव्यादाखल पाठवली. मॅनेजरने हसणारा चेहरा पाठवला. त्याला वाटलं, विनोद आहे.

मग लिंकभाऊने कूलरच्या आवाजावर उपाय शोधायला घेतला. असल्या वेळी साधा माणूस मिस्त्रीला बोलावतो, पंख्याच्या बेअरिंगमध्ये तेल टाकून घेतो, शंभर-दोनशे देतो आणि मोकळा होतो. लिंकभाऊने पाच दिवस व्हिडिओ पाहिले. आवाजाच्या लहरी कशा असतात, त्या उलट्या लहरींनी कशा कापतात, जपानात भिंतींना काय लावतात, हे तो बायकोला जेवताना सांगत राहिला. सहाव्या दिवशी बायकोनेच मिस्त्री बोलावला. तेल टाकलं, आवाज निम्मा झाला. लिंकभाऊने तेल टाकतानाचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला : "घरच्या घरी कूलरचा आवाज कमी करा. लिंक खाली."

एवढ्यावरून कोणी त्याला आळशी समजू नये. शिकण्याची हाव त्याला अफाट आहे. ड्रोन उडवणं, शेअर बाजारातल्या मेणबत्त्या, मातीविना भाजीपाला, जर्मन भाषा, मधमाशा पाळणं, मुलांशी रागावून कसं बोलू नये, सगळ्याचे व्हिडिओ त्याने साठवून ठेवले आहेत. साठवलं की त्याचं मन निवतं. 'नंतर पाहा' या खणात त्याने जे टाकलं आहे ते पाहायला बसला तर नोकरी सोडावी लागेल, आणि सोडली तर नेटचं बिल कोण भरेल, म्हणून तो ते पाहत नाही. जे पाहतो ते दुप्पट वेगाने. त्याचा परिणाम असा की साध्या वेगाने बोलणारी माणसं त्याला आजारी वाटतात. सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी पोथी वाचत होते, तर याचा अंगठा हवेतच गुरुजींना पुढे सरकवत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वरुडला त्याच्या मामाजींची संत्र्याची बाग आहे. लिंकभाऊ तिथे गेला की बागेत उभा राहून इस्राएलची रील दाखवतो. मामाजी पूर्ण पाहतात, कारण भाचा आहे. मग म्हणतात, "बाबू, आंबिया बहार धरायचा तं हिवाळ्यात पाणी तोडा लागते. झाडाले ताण द्या लागते. तुह्या पिच्चरमधला माणूस तं पाणीच सोडून राहिला." लिंकभाऊ म्हणतो, तंत्रज्ञान बदललं आहे. मामाजी म्हणतात, "झाड नाई बदललं नं."

आणि गंमत अशी की मोबाइलवरून शिकण्यात मामाजी भाच्याच्या कितीतरी पुढे आहेत. त्यांच्या फोनमध्ये संत्रा बागायतदारांचा एकच ग्रुप आहे. परवा एका झाडाच्या बुंध्यातून डिंक वाहताना दिसला. मामाजींनी फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, सोबत तीन शब्द : "हे काय हाय?" तासाभरात कृषी विज्ञान केंद्रातल्या माणसाचं उत्तर आलं : डिंक्या आहे, रोगट साल खरवडा, बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मामाजींनी दुसऱ्या दिवशी पेस्ट लावली आणि लावलेल्या बुंध्याचा फोटो परत पाठवला. झालं शिक्षण. ना प्रमाणपत्र, ना सबस्क्राइब. लिंकभाऊ त्या ग्रुपमध्ये शिरायला पाहत होता. अ‍ॅडमिनने विचारलं, "झाडं किती?" याला उत्तर देता आलं नाही.

लोकांना जोडण्याचं मात्र त्याला व्यसनच आहे, आणि त्याबद्दल आदर बाळगावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये २५६ माणसं मावत होती तेव्हा त्याने घरून काम करणाऱ्या वऱ्हाडी पोरांचा ग्रुप भरला. २०२२ मध्ये मर्यादा आधी ५१२ आणि मग १०२४ झाली, तेव्हा घरात सण असल्यागत त्याने शिरा करायला लावला. ग्रुपचं नाव 'वर्क फ्रॉम वऱ्हाड'. त्यात सकाळी फुलं आणि सुविचार इतके यायला लागले की कामाचं बोलणं सापडेना. म्हणून 'वर्क फ्रॉम वऱ्हाड (फक्त काम)' निघाला. त्यात कोणीतरी कापसाचे भाव टाकले, त्यावर राजकारण झालं, दोघं रुसून बाहेर पडले. मग 'वर्क फ्रॉम वऱ्हाड (फक्त काम, खरंच)' निघाला. सध्या त्यात लग्नाची स्थळं येतात.

२०१८ च्या जुलैत भारतात व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली, तेव्हा लिंकभाऊने ती स्वतःच्या अंगाला लावून घेतली. अफवांपायी माणसं मारली जात होती म्हणून ती मर्यादा आली, हे त्यालाही कळत होतं, पण मन मानत नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. त्या दिवशी तो जेवला नाही. मग त्याने मार्ग काढला : निरोप पुढे न ढकलता स्वतः टाइप करायचा. त्यामुळे त्याचं मराठी टायपिंग मात्र सुधारलं. एवढी एक गोष्ट त्याला व्हॉट्सअ‍ॅपने नकळत शिकवली.

२०२१ च्या उन्हाळ्यात क्लबहाऊस नावाचं बोलक्या खोल्यांचं अ‍ॅप साध्या फोनवर आलं. लिंकभाऊने रात्री साडेदहाला खोली उघडली. विषय : छोट्या शहरांतून जागतिक करिअर. पहिल्या दहा मिनिटांत चर्चा अमरावती मोठं की अकोला मोठं यावर आली. अमरावतीवाले म्हणाले, आमच्याकडे विभागीय आयुक्त, आमच्याकडे गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ. अकोलेकर म्हणाले, पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ कुठे आहे, आणि मुंबई-हावड्याची गाडी तुमच्या गावात येते कुठे, तुम्हाला तर बडनेऱ्याला उतरावं लागतं. कोणीतरी गिला वडा काढला. अकोल्याने श्रावणातली राजराजेश्वराची कावड काढली. रात्री दीडपर्यंत करिअरचं नाव निघालं नाही. लिंकभाऊ घरचा अमरावतीचा आणि सासुरवाडी अकोल्याची, म्हणून गप्प राहिला. त्याच्या आयुष्यात तो गप्प राहिल्याची ही एकमेव नोंद आहे.

अकोल्याला तो महिन्यातून एकदा जातो आणि चार दिवस तिथूनच काम करतो. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या भागात ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात नाव गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता. त्या पाच दिवसांत लिंकभाऊ रोज तिकडे जाऊन लाइव्ह करत होता. लॅपटॉप गाडीच्या सीटवर, मीटिंग कानात, डांबर डोळ्यांसमोर. तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना शेजारच्या सीटवर बसलेल्याला दोहा ऐकावं लागतं. मूर्तिजापूर येईपर्यंत रोलर, मिक्सर, तापमान सगळं सांगून होतं. बायको मागच्या सीटवर बसते.

जठारपेठेतले सासरे कापसाच्या व्यापारात होते. जावई दिवसभर दाराला कडी लावून टीव्हीएवढ्या पडद्याशी बोलतो याचं त्यांना कौतुक आणि शंका सारखीच. ते हळूच दार उघडतात, कॅमेऱ्यात डोकावतात आणि विचारतात, "जावईबापू, हे लोकं मले पाहून राहिले काय?" पडद्यावरचे बारा जण हात हलवतात. सासरेही हलवतात. "जेवले काय?" म्हणून विचारतात. बंगळुरूच्या एका मुलीने इंग्रजीतून सांगितलं की अजून नाही, तर त्यांनी मीटिंग थांबवून तिला जेवायला पाठवलं. त्या टीममध्ये आता दर महिन्याला 'अंकल' कधी येणार म्हणून विचारणा होते. लिंकभाऊने माणसं जोडण्यावर इतके व्हिडिओ पाहिले, त्यातला एकही सासऱ्यांनी पाहिलेला नाही.

सासूबाई तर त्याहून वरचढ. त्या निवृत्त शिक्षिका. दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो, रांगेत उभं राहावं लागतं, वयाच्या पंच्याहत्तरीत आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. लिंकभाऊने कधीतरी मोबाइलवरून हा दाखला कसा देता येतो त्याची लिंक टाकली होती. त्याने स्वतः ती उघडली नव्हती. सासूबाईंनी उघडली, वही-पेन घेऊन बसल्या, थांबवून थांबवून टिपून घेतलं, आधी स्वतःचा चेहरा पडद्यापुढे धरून दाखला काढला, मग वरच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा, मग साऱ्या अपार्टमेंटचा. आता नोव्हेंबर लागला की त्यांच्या ओसरीवर म्हातारी मंडळी येऊन बसतात. डोळे मिचकवा म्हटलं की मिचकवतात. सासूबाई शाळेतल्याच आवाजात म्हणतात, "हलू नका, आधी हयात व्हा, मग चहा घ्या." जावयाला हे कळलं तेव्हा त्याने त्यांचा व्हिडिओ काढायचं ठरवलं. त्या म्हणाल्या, "व्हिडिओ कायले? ज्याले लागते थो येते नं घरी."

आता एक गोष्ट सांगायची आहे, जिच्यामुळे मी लिंकभाऊला पूर्ण कामातून गेलेला मानत नाही.

कंपनीने एका शुक्रवारी सांगितलं की सोमवारपासून विक्रीचे अहवाल पॉवर बीआय नावाच्या सॉफ्टवेअरवर हवेत. लिंकभाऊच्या खणात पॉवर बीआयचे व्हिडिओ ढिगाने होते, काही तर त्याने दुसऱ्यांना पाठवून त्यांचे आभारही घेतलेले. शनिवारी तो पहिल्यांदा ते उघडून बसला. रविवारी रात्रीपर्यंत त्याच्या पडद्यावर रंगीत तक्ते आले, पण प्रत्येक जिल्ह्यापुढे एकच आकडा. नागपूरलाही तोच, गडचिरोलीलाही तोच, आणि तोच खाली एकूण बेरजेलाही. त्याने पुन्हा व्हिडिओ पाहिले, या वेळी साध्या वेगाने. आकडा हलेना. रात्री अकराला त्याने आयुष्यात पहिल्यांदा ग्रुपवर लिंक न टाकता प्रश्न टाकला : "कोणाले येते का हे?"

परतवाड्याहून एका मुलीचं उत्तर आलं. ती अमेरिकेतल्या कंपनीचं काम रात्री करते, सागवानाच्या लाकूडबाजाराजवळच्या घरात, वडिलांच्या आरागिरणीचा पसारा बाजूला सारून. ग्रुपमध्ये ती दोन वर्षं होती, पण कधी फूल नाही, सुविचार नाही, म्हणून लिंकभाऊने तिला निष्क्रिय सभासदांच्या यादीत टाकून काढायचं ठरवलेलं. तिने कॉल केला आणि म्हणाली, "भाऊ, स्क्रीन दाखवा." त्याने दाखवली. तिने एकच विचारलं, "तुमी हे दोन टेबल एकमेकांले जोडले काय?"

जोडलेले नव्हते. विक्रीचा तक्ता एकीकडे, जिल्ह्यांचा तक्ता दुसरीकडे, मध्ये नातं काही नाही, त्यामुळे ते बिचारं यंत्र प्रत्येकापुढे सगळी बेरीज ठेवत होतं. हजार माणसं एकमेकांना जोडून देणाऱ्या आमच्या भाऊने दोन तक्त्यांची लिंक जोडली नव्हती. तो म्हणाला, "तू करून दे नं, मी पाहून घेतो." ती म्हणाली, "नाई जी. तुमी करा, मी पायतो." आणि ती खरंच रात्री दीडपर्यंत बघत बसली. तो चुकला की बोलायची नाही, थांबायची. त्याला ते थांबणं फार जड गेलं. व्हिडिओतला माणूस कधी असा थांबत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप : "केलं का?" तिसऱ्या दिवशी : "दाखवा." गुरुवारी तिने त्याला नवा प्रश्न घातला आणि त्याचा पडदा पाहिला. हजारो मास्तरांच्या तावडीतून सुटलेला हा गडी या एका मुलीच्या तावडीतून सुटला नाही. आठवड्याभरात त्याला पॉवर बीआय येऊ लागलं. साठवलेल्या इतक्या विद्यांपैकी ही एकच त्याच्या अंगात उतरली.

वऱ्हाडाला खरं तर ही रीत ठाऊक असायला हवी. शेंडगावचे गाडगेबाबा शाळा शिकले नव्हते, पण कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत; श्रोत्याला नुसतं मान डोलवून घरी जाण्याची सोय नव्हती. लिंकभाऊने बाबांच्या पुण्यतिथीला दरवर्षी फोटो टाकला आहे, पण हे काही त्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

पुढच्या रविवारी तो बायको-पोरासह परतवाड्याला गेला. किलोभर मिठाई, मुलीच्या आईला साडी, वडिलांना दुपट्टा. तिच्या वडिलांनी चहा पाजला आणि विचारलं, "हे पोरगी रातभर काय करते थे मले समजत नाई. तुमाले समजते काय?" लिंकभाऊने त्यांना समजावून सांगितलं, सोप्या शब्दांत, लिंक न पाठवता, पाऊण तास. बायको म्हणते, लग्नानंतर तिने त्याला एवढं नीट बोलताना तेव्हाच पाहिलं.

परत येताना मात्र वलगाव यायच्या आत त्याला कल्पना सुचली : 'पॉवर बीआय, अस्सल वऱ्हाडीत'. चॅनेल सुरू झालं. पहिल्या व्हिडिओत १२ मिनिटं तो स्वतःची ओळख करून देतो, ३ मिनिटं कूलरबद्दल माफी मागतो, आणि मग लाइट जाते. वीज शेजारी पारसला तयार होते, पण आमच्याकडे यायला ती नेहमी उशीर करते. दुसरा व्हिडिओ चांगला आहे. त्यात तो दोन तक्ते जोडून दाखवतो, आधी चुकवून, मग सुधारून, आणि 'नातं नसलं तं सगळ्याइले सारखंच वाटते' असं एक वाक्य बोलतो, जे ऐकून त्याची बायको बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. दर्यापूर, कारंजा, बाळापूरकडची पोरं तो व्हिडिओ पाहून खाली शंका विचारतात. लिंकभाऊ उत्तर देतो. अडलं तर परतवाड्याला विचारून देतो आणि तसं सांगतोही.

ग्रुपचं म्हणाल तर २०२१ च्या त्या टाळेबंदीत दुकानं बंद असताना कॅम्पातल्या एकाच्या लॅपटॉपचा चार्जर जळला, नवी नोकरी, पहिलाच आठवडा. ग्रुपवर टाकल्यावर तासाभरात राजापेठेत तसाच चार्जर निघाला आणि औषधं पोचवणाऱ्या एका पोराच्या गाडीवरून पोचलाही. चार्जर जळलेला तो पोरगा आज बऱ्या हुद्द्यावर आहे. कूलरचा उपाय लिंकभाऊला सापडला नाही, पण चार्जर सापडला. माणूस कशात हुशार आहे ते त्याचं त्याला माहीत नसतं, आणि लिंकभाऊ तर जर्मन शिकायच्या नादात आहे.

एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याला मुंबईचं विमान उतरतं. तुम्ही त्याने या, नाही तर बडनेऱ्याला गाडीने उतरा, लिंकभाऊ कुठे तरी भेटेलच आणि नंबर मागेल. द्या. तो न विचारता तुम्हाला तिन्ही ग्रुपांत घालेल. बाहेर पडू नका, मनाला लावून घेतो. आवाज बंद करून ठेवा. काही अडलं तर ग्रुपवर खुशाल विचारा, उत्तर देणारं माणूस कुठून तरी निघतंच. फक्त लिंकभाऊ स्वतः काही शिकवायला बसला तर आधी एवढं विचारून घ्या : "भाऊ, तुमी स्वतः करून पाहिलं काय?" तो खरं सांगेल. त्या बाबतीत माणूस एकदम प्रामाणिक आहे.